रुमालाखालचा सौदा

संपतरावाला कुणी विचारलं, "मामा, मेंढरं किती?" की तो आभाळाकडं बघायचा आणि म्हणायचा, "देवाची हायत, देवानंच मोजावी." आज कुठं बसवली म्हणून विचारलं तर म्हणायचा, "चारा असंल तिथं." विचारणारा तलाठी असो, पाव्हणा असो की सख्खा मेव्हणा असो, उत्तर तेच. मेंढरं मोजून सांगितली की दृष्ट लागते आणि मुक्काम सांगितला की चोर येतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं.

बाजारातही तसंच. एडका विकायचा तर भाव तोंडानं बोलायचा नाही. गिऱ्हाईक आणि मालक समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे, जितकी बोटं धरली तितका आकडा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटांची ओढाताण. शेजारी उभा राहिलेल्याला कळू नये की काय ठरलं, आणि रुमालाखाली जे कळलं ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. कळमनुरीच्या बाजारात एडक्यांचा व्यापारी कादरभाई आणि संपतराव असे गेली कित्येक वर्षं एकमेकांची बोटं पिळत आले होते. कादरभाई म्हणायचा, "संपतराव, तुमच्या तोंडावर तर बापाच्या मौतीची खबर बी दिसणार नाही."

एवढा मुरलेला, एवढा मुका माणूस. पण पोराचा विषय निघाला की त्याच्या तोंडाचं कुलूप आपोआप गळून पडायचं. मेंढराचा आकडा छातीत दाबून ठेवणारा हा गडी शिवशंकरबद्दल मात्र एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा सगळं सांगून मोकळा व्हायचा. आता अशा माणसाला काय म्हणावं?

शिवशंकर फौजेत होता. अग्निवीर. चार वर्षांची नोकरी, त्यातलं तिसरं सुरू झालेलं. चार वर्षं झाली की चौघांतला एक ठेवतात, बाकीच्यांना हातात पैसे देऊन घरी पाठवतात. संपतरावाला ही रीत काही केल्या कळत नव्हती. "शिकारी कुत्रं बी चार वर्सांत तयार व्हतं, अन् तयार झाल्यावर हाकलून देत्यात व्हय?" असं तो विचारायचा. पण रीत कळो न कळो, त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. पोरगं टिकलं पाहिजे. मेंढरांमागं उन्हातान्हात फिरणारी आपली शेवटची पिढी ठरली पाहिजे.

एप्रिलच्या शेवटी सरहद्दीवर तणातणी सुरू झाली. टीव्हीवर रोज युद्ध पेटायचं आणि रोज विझायचं. संपतरावाची मेंढरं तेव्हा कळमनुरीच्या शिवारात होती. पेरणीआधी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून. सकाळी मेंढरं चरायला निघाली की संपतराव बायकोला, नर्मदाबाईला, मागं ठेवून रस्त्यावरच्या हॉटेलात जायचा आणि टीव्हीसमोर उभा राहायचा. एक चॅनल म्हणायचं आपण इतक्या आत घुसलो, दुसरं म्हणायचं त्याच्याही पुढं. हॉटेलातली माणसं ड्रोन, मिसाईल, काय काय बोलायची. एक जण म्हणाला, "आता सरहद्दीवर माणूस लागत न्हाई मामा. सगळी लढाई मोबाईलवर व्हते." संपतराव विचारात पडला. मोबाईलवर लढाई, तर मग आपलं पोरगं तिकडं कशाला नेलंय?

त्याच दिवसांत शिवकन्याचा पहिला फोन आला.

"काका, मी शिवकन्या बोलते. माझे मिस्टर तुमच्या शिवशंकरभाऊंच्याच युनिटमध्ये आहेत," ती म्हणाली. आवाज असा की दुधात साखर. "यांचा फोन लागत नाही हो. जीव नुसता टांगणीला लागलाय. भाऊंचा आला होता का?"

संपतराव विरघळलाच. पोराचं नाव शिवशंकर आणि हिचं शिवकन्या, जणू पाठची भैन. तो म्हणाला, "आला व्हता ना पोरी! काल सांजच्याला बोलला. तुझा घरवाला बी बराबर असंल बघ, काळजी करू नको."

मग रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. काका जेवलात का, काकूंचे गुडघे कसे आहेत, मेंढरांना पाणी मिळतंय का. पोटच्या पोरानं विचारलं नसतं इतकं ती विचारायची. एकदा म्हणाली, "मेंढ्या किती आहेत हो तुमच्याकडे?" संपतराव हसून म्हणाला, "देवाची हायत, देवानंच मोजावी." तीही हसली आणि म्हणाली, "बरं, मग भाऊ आता कुठंशी आहेत?"

आणि बाप सांगत सुटला! म्हणाला, पाण्याच्या मोठ्या पाटाजवळ हायत, गव्हाच्या रानात तंबू ठोकलेत. रातच्याला गाड्या हलवत्यात, दिवसा जाळीखाली झाकून ठेवत्यात. आमच्या पोराला तर ड्रोन पाडायच्या मशिनीवर घातलंय, साहेब म्हणला तुझी नजर मेंढपाळाची हाय, लांबचं दिसतं तुला. हे शेवटचं सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. शिवशंकरनं त्याला एक फोटोही पाठवला होता, जाळी टाकलेल्या गाडीपुढं उभा राहून काढलेला. संपतरावाला मोबाईलमधलं एकच काम येत होतं, सकाळचे फुलांचे फोटो पुढं ढकलायचं. त्यानं तो फोटो तसाच शिवकन्येला ढकलला.

"किती छान दिसतात भाऊ," ती म्हणाली.

पुढं दोन-तीन दिवसांनी शिवशंकरचा फोन आला. घाईत होता. बापानं तेवढ्यात सांगितलं, "तुमच्या शिवकन्यावहिनी रोज फोन करत्यात रे. लई गुणाची पोरगी हाय."

"कोण वहिनी?"

"अरे, तुझ्यासंगतीच्याची बायको न्हाई का ती?"

मग शिवशंकर हळू आवाजात एकेक विचारायला लागला. काय विचारलं तिनं, तुमी काय सांगितलं? संपतराव सांगत गेला तसा तिकडचा आवाज खाली खाली जात राहिला. फोटोचं ऐकल्यावर तर त्यानं दोनदा विचारलं, कोणता फोटो?

"आबा, तशी कुणी बाई न्हाई आमच्याकडं," तो शेवटी म्हणाला. "असेच फोन लई जणांच्या घरी येऊन राहिलेत. दुश्मनाची माणसं हायत ती."

"दुश्मन? अरे, तुझ्या आईच्या गुडघ्याला कोणतं तेल लावावं ते सांगितलं तिनं!"

"आबा, ऐका माझं! मी आता साहेबांना सांगतो. अनोळखी नंबर आला तर माझं नाव बी तोंडातून काढायचं न्हाई. कुणी का असंना, फौजेचं नाव का सांगंना. कळलं का?"

"कळलं," संपतराव म्हणाला. पण खरं विचाराल तर त्याला काहीएक कळलं नव्हतं. त्या रात्रीनंतर शिवशंकरचा फोन बंद झाला.

दुश्मन म्हणजे काय, हे संपतरावाला लहानपणापासून ठाऊक होतं. लांडगा दुश्मन, चोर दुश्मन. लांडगा येतो तेव्हा कुत्री भुंकतात. हा कसला दुश्मन, जो 'काका, जेवलात का' म्हणून विचारतो? दुसऱ्या दिवशी तिचा फोन पुन्हा आला. त्यानं उचलला, शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "काका, आवाज का असा येतोय? बरं नाही का?" त्याच्या तोंडून शिवी बाहेर पडेना. त्यानं मुकाट फोन ठेवला. मनात आलं, पोरगंच चुकत असलं तर? एखाद्या गरीब बाईचा नवरा खरंच तिकडं असला तर? आणि लगेच दुसरं आलं, पाट सांगितला, गव्हाचं रान सांगितलं, फोटो ढकलला. त्या फोटोवरून त्यांनी पोराची गाडी हेरली तर? त्याला घास गोड लागेना.

मग त्यानं कंबर कसली. आता कुणाला म्हणून काही सांगायचं नाही. मेंढरांचा कायदा पोराला लावायचा.

आणि त्याचा पहिला फटका बसला कुणाला? कादरभाईला! बकरी ईद महिन्यावर आली होती, कादरभाई एडके बघायला रानात आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "शिवशंकर कसाय? कुठं हाय लेकरू? मी दुवा करून राहिलो रोज."

"असंल कुठंतरी," संपतराव म्हणाला.

"म्हणजे? फोन न्हाई आला?"

"चारा असंल तिथं असंल."

कादरभाई बघतच राहिला. हे उत्तर परक्यांसाठीचं होतं आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं. दिवसही असे होते की बाजारात चार माणसं त्याच्याकडं उगाच वळून बघत होती. तो हळूच म्हणाला, "मला बी न्हाई सांगत संपतराव? त्याला मांडीवर घेऊन बोटांचा सौदा मीच शिकवला ना?" आणि एडक्यांना हात न लावता गाडीला किक मारून निघून गेला.

नर्मदाबाई चुलीपासून ओरडली, "आवो, अक्कल गहाण ठेवली का? त्या रांडेला सगळं सांगितलं, अन् कादरभाईला न्हाई सांगत?"

"तूच सांग मग कुणाला सांगायचं अन् कुणाला न्हाई! मला न्हाई कळत!" संपतराव ओरडला. आणि ते खरंच होतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

टीव्हीवर आता आकाशात ड्रोनचे लाल ठिपके दिसत होते. हॉटेलातली पोरं टाळ्या वाजवत होती. प्रत्येक ठिपका पडला की संपतराव मनात म्हणायचा, हा माझ्या पोरानं पाडला. आणि ठिपका पडला नाही की तो पडेपर्यंत टीव्हीसमोरून हलायचा नाही.

मग एकाएकी सगळं थांबलं. युद्ध संपलं की थांबलं, कोण जिंकलं, कुणालाच नीट सांगता येईना. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मेंढरं झाडाखाली बसलेली असताना, फोन वाजला. अनोळखी नंबर.

"क्या आप शिवशंकर के पिताजी बोल रहे हैं?" भारदस्त आवाज होता. "मैं उनकी यूनिट से बोल रहा हूँ."

पण संपतराव आता शहाणा झाला होता. "कौन शिवशंकर?" तो म्हणाला. "मेरेकू फौज में लडका नही है. मेरेकू मेंढरं है, मेंढरं."

"देखिए, ज़रूरी बात है..."

"राँग नंबर!" संपतरावानं फोन कापला. कपाळाचा घाम पुसला आणि त्याला लई बरं वाटलं. तो नंबर परत वाजला, त्यानं परत कापला, आणि हॉटेलात जाऊन पोरांकडून तो नंबर बंदच करून घेतला.

नर्मदाबाई म्हणाली, "आवो, खरं असलं तर?"

"ती बी अशीच खरं बोलत व्हती."

"तरी पण. पोराचं नाव घेतलं त्यानं."

"नाव तिनं बी घेतलं व्हतं! पोरानं सांगितलंय ना, फौजेचं नाव सांगितलं तरी बोलू नका. अन् काही वंगाळ असतं तर पोलीस आले नसते का गावात?" गावातल्या घराला कुलूप होतं आणि आपण कुठल्या रानात आहोत ते आपण कुणालाच सांगितलेलं नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढं चार-पाच दिवसांनी एका बाईचा फोन आला. हिंदी बोलत होती, पण तेही अडखळत, कुठल्या तरी लांबच्या मुलखातली असावी. "पिताजी, आपका बेटा यहाँ है. उससे बात कीजिए."

बाईचा आवाज ऐकताच संपतरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे दिवस साठलेलं सगळं तोंडाशी आलं. शिवकन्येला न दिलेल्या शिव्या त्यानं हिला दिल्या. आणि वर ओरडून म्हणाला, "मेरा बेटा मेरे सामने खडा है! मेंढरं राखून राहिला! मेरेकू कोई फौजी बेटा नही, समझ्या क्या? फिरसे फोन नको करू!"

पलीकडं काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. मग फोन त्या बाजूनंच बंद झाला. संपतराव नर्मदाबाईकडं वळून म्हणाला, "अशी जिरवली!" नर्मदाबाई दूर रस्त्याकडं बघत होती.

मे सरता सरता मोबाईलवर शिवशंकरचं स्वतःचं नाव उमटलं. संपतरावानं पहिल्या रिंगलाच फोन कानाला लावला.

"आबा, सुट्टीवर येतोय. नांदेडला उतरून कळमनुरीला येतो, बाजाराच्या दिवशी."

"कसा हायस रे लेकरा?"

"हाय. आईला सांगा." आणि फोन ठेवला. नर्मदाबाई रडली, हसली, शेजारच्या रानातून कोंबडी मागून आणायला धावली. संपतरावाला मात्र जरा चुकल्यासारखं झालं. पोरगं इतकं तोडून का बोललं? मग त्यानं स्वतःचीच समजूत काढली. फोनवर बोलायचं नाही, हे पोरानंच तर शिकवलं होतं.

ईदेच्या आधीचा बाजार म्हणजे कळमनुरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बोकड, एडके, माणसं, धूळ, सगळा एकच कल्ला. संपतराव चार एडके घेऊन उभा होता आणि नजर सगळी नांदेडच्या रस्त्याकडं. कादरभाई लांबून आला. रुसवा अजून डोळ्यांत होता, पण शिवशंकर येतोय म्हटल्यावर घरी राहवलं नसेल. "सलाम संपतराव," एवढंच म्हणाला.

एसटीतून शिवशंकर उतरला. वाळला होता, केस अगदी बारीक. डाव्या खांद्यावर बॅग, उजवा हात पँटच्या खिशात. बापाजवळ आला आणि डाव्या हातानं पाया पडला.

डाव्या हातानं! संपतरावाला ते खटकलं. फौजेत जाऊन रीतभात विसरला की काय? पण बोलला नाही. त्याला सांगायची एवढी घाई झाली होती की पोरानं बॅग खाली ठेवायच्या आतच त्यानं सुरुवात केली.

"तू सांगितल्यापासून चकार शब्द न्हाई बोललो कुणाला! इचार तुझ्या आईला. एक जण फोन करून म्हणला, युनिटमधून बोलतोय. म्या म्हणलं, मला फौजेत पोरगंच न्हाई! नंबरच बंद करून टाकला. मग एक बाई. म्हणती, बेटे से बात करो. तिला तर अशी धुतली, अशी धुतली..."

"व्हय," शिवशंकर म्हणाला. "ऐकलं मी."

संपतराव तोंड उघडं ठेवून थांबला. ऐकलं? कुठून ऐकलं? फौजेत फोन चोरून ऐकतात म्हणतात, तसलं काही असेल का? आपण बोललो ते बरोबर की चूक? पोराच्या तोंडाकडं बघून काही उमगेना. पोरगं एडक्यांकडं बघत होतं.

तेवढ्यात माणसं जमली. फौजी आला, फौजी आला! कुणी विचारलं किती ड्रोन पाडले, कुणी विचारलं लाहोर दिसलं का, कुणी म्हणालं आता पक्कं करतील का नोकरीत. शिवशंकर नुसता मान हलवत होता. कुणीतरी चहा आणला, तोही त्यानं डाव्या हातानं घेतला.

कादरभाईला राहवलं नाही. रुसवा गेला कुठल्या कुठं. त्यानं पुढं होऊन पोराला मिठी मारली आणि डोळे पुसत मोठ्यानं म्हणाला, "आज बापाशी सौदा न्हाई! आज मी शिवशंकरशी बोटं धरणार. बघू, शिकवलेलं ध्यानात हाय का!" खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं हात पुढं केला.

शिवशंकर मागं सरला. "आबाच करतील, चाचा."

"अरे, आ ना बेटा!"

"नको म्हणलं ना."

आवाज जरा चढलाच. कादरभाईचा पुढं केलेला हात तसाच राहिला. त्या चारचौघांत, त्या दिवसांत, कादरभाईचा हात नाकारला गेला याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लावला. संपतरावाला ते दिसलं. महिनाभरापूर्वी आपण त्याला परका केला, आज पोरगं करून राहिलंय. त्याला लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ संताप आला.

"काहून रे?" तो ओरडला. "ज्यानं शिकवलं त्याचा हात धरायची लाज वाटती? साहेब झालास? आण इकडं हात!"

त्यानं कादरभाईच्या हातातला रुमाल ओढला, पोराचं मनगट धरून खिशातून हात बाहेर काढला आणि कुणाला काही दिसायच्या आत, सवयीनं, त्यावर रुमाल टाकला. आपला हात खाली घातला. बोटं धरायला गेला.

अंगठा लागला. त्याच्या शेजारचं बोट लागलं. मग पुढचं धरायला गेला तर हाताला पट्टी लागली. त्याला वाटलं पोरानं बोटं मुडपून घेतलीत. त्यानं चाचपलं. मधलं नाही. त्याच्या पलीकडचं नाही. करंगळी कुठं गेली? त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली, अंगठ्यापासून, एखादा आंधळा माणूस चाचपतो तशी. परत तिथंच येऊन थांबला.

जन्मभर मेंढरं न मोजणारा माणूस पोराची बोटं मोजत होता आणि ती भरत नव्हती.

वर त्याचा चेहरा जसाच्या तसा होता. रुमालाखालचं तोंडावर दिसू द्यायचं नाही, हा नेम त्याच्या हाडात भिनला होता. फक्त ओठ हलले.

"ती बाई," तो अगदी हळू म्हणाला. "दवाखान्यातली व्हती का रे?"

"नर्स व्हती," शिवशंकर तितक्याच हळू म्हणाला. "माझा मोबाईल फुटला व्हता, म्हणून तिनं तिचा लावला. माझ्या कानाशी धरला व्हता. त्याच्या आधी साहेबांनी लावला. गावात माणूस बी धाडला व्हता, घराला कुलूप."

"तू बोलला काहून न्हाई? आबा म्हणला असतास तरी..."

"म्हणलं ना. आबा म्हणलं. पण तुमी ओरडून राहिला व्हता."

ते पुटपुटणं संपतरावाला आठवलं. "तूच सांगितलं व्हतं रे, बोलू नका म्हणून."

"व्हय. मीच सांगितलं व्हतं. तुमची चूक न्हाई, आबा. तुमी बराबर केलं. तरी वाटलं, एकदा तरी इचारतील, कसा हाय म्हणून."

बाजाराचा कल्ला चालूच होता. शेजारचा बोकड ओरडत होता. संपतरावाला आता एकच विचारायचं होतं आणि तेच विचारवत नव्हतं. शेवटी त्यानं विचारलं.

"म्या तिला पाट सांगितला. फोटू धाडला. त्यानं झालं का हे?"

शिवशंकर रुमालाकडं बघत राहिला. "फोटू तर म्या तुमाला धाडला व्हता," तो म्हणाला. "साहेबांनी बी हेच इचारलं. म्या म्हणलं, ठाऊक न्हाई. ते म्हणले, त्यांनाबी ठाऊक न्हाई. लई ड्रोन आले व्हते आबा, आमच्यावर बी आले, ज्यांनी काहीच धाडलं न्हाई त्यांच्यावर बी आले. आता कुणालाच कळणार न्हाई."

"अन् नोकरी?"

"ते बी न्हाई ठाऊक."

फोटोचं विचारल्यावर संपतरावाला वाटलं होतं, हो तरी म्हणेल नाहीतर नाही तरी म्हणेल. हो म्हणाला असता तर तो तिथंच मातीत बसून डोकं आपटून रडला असता. नाही म्हणाला असता तर हात जोडले असते. आता काय करायचं? त्यानं उरलेली दोन बोटं घट्ट धरली. पोराच्या हाताला दुखलं असावं, पण त्यानं हात ओढला नाही.

भोवतालची माणसं पुढं सरकत होती. एक जण हसत म्हणाला, "बापलेकाचाच सौदा चाललाय की! काय ठरलं मामा? दाखवा तरी!" आणि त्यानं रुमालाला हात घातला.

कादरभाई इतका वेळ संपतरावाच्या तोंडाकडं बघत होता. एवढ्या वर्षांची ओळख. त्या चेहऱ्यावर आजवर कधी काही दिसलं नव्हतं आणि आजही दिसत नव्हतं, पण हनुवटीवरून पाण्याचा एक थेंब रुमालावर पडला, तो कादरभाईनं पाहिला. त्यानं त्या माणसाचा हात झटकला.

"रुमालाला हात लावतो? बाजाराची रीत ठाऊक न्हाई का?" तो गरजला. "हटा! सगळे मागं हटा! सौदा चालू हाय!"

माणसं मागं सरली. कादरभाई दोघांकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला, म्हणजे कुणाला काही दिसू नये. मान न वळवता त्यानं हळूच विचारलं, "संपतराव, भाभीला सांगायला मी येऊ का संगं?"

"या, कादरभाई," संपतराव म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "तुमीच सांगा तिला. मला न्हाई जमायचं."

मग तो पोराकडं वळला आणि जे त्या नर्सच्या फोनवर विचारायचं राहिलं होतं ते त्यानं आता विचारलं.

"कसा हायस रे लेकरा?"

रुमालाखाली शिवशंकरनं दोन बोटांनी बापाचा हात दाबला.